सातव्या पायरीवरचा होकार

खुर्चीत बसायला येणाऱ्या प्रत्येकाला अभिनंदन मगदूम लग्नाचं उदाहरण द्यायचा. गेली सहा वर्षं तेच उदाहरण, त्याच शब्दांत. आताशा ते सांगताना त्याला स्वतःचा आवाज शेजारच्या घरातल्या टीव्हीसारखा ऐकू यायचा.

“हे बघा,” तो म्हणे, “लग्न सहा महिन्यांवर असतं तेव्हा आपण काय म्हणतो? दोन घरं जोडली जाणार, पोरीचं कल्याण होणार. आणि तेच लग्न परवावर आलं की? आचारी फोन उचलत नाही, खुर्च्या दोनशे कमी पडतात, मामा रुसून बसलाय. लग्न तेच. लांबून बघितलं की ‘कशासाठी’ दिसतं, जवळून बघितलं की ‘कसं’ दिसतं. माणूस होकार देतो लांबून आणि निभवायची वेळ येते जवळून. ही खुर्ची लांबची गोष्ट तुमच्याजवळ आणून ठेवते, एवढंच. मग हो म्हणा, नाहीतर नाही म्हणा. घाबरायचं काही कारण नाही.”

यातलं शेवटचं वाक्य खोटं होतं, पण तेही छापील कागदावर होतं.

मिरजेतल्या एका मोठ्या रुग्णालयाच्या दुसऱ्या मजल्यावर, नऊ नंबरच्या खोलीत ही खुर्ची होती. दिसायला दातांच्या डॉक्टरकडे असते तशी, फक्त डोक्याला बांधायची एक रुंद पट्टी जास्त. यंत्राचं नाव समीपक. त्यामागचं शास्त्र थोडक्यात असं, की लांबपण चार प्रकारचं असतं. दुसऱ्या गावातली गोष्ट लांबची, पुढच्या वर्षीची लांबची, परक्या माणसाची लांबची, आणि ‘झालं तर होईल’ अशी गोष्टही लांबचीच. पण मेंदू या चौघींना एकाच फूटपट्टीनं मोजतो, आणि ती फूटपट्टी कानाच्या थोडं वर, मागच्या बाजूला असते. तिथं चुंबकाचे हलके ठोके ठराविक लयीत दिले की ती आखूड होते. मग शेजारी बसलेल्या माणसानं चार महिन्यांनंतरची गोष्ट बारीकसारीक तपशिलांसह वाचून दाखवायची. ऐकणाऱ्याला ती उद्या सकाळची वाटते. ठोके सात पायऱ्यांनी वाढवत न्यायचे. सातव्या पायरीवर तर ती आत्ताची वाटते.

हे शोधणाऱ्यांना वाटलं होतं की लोक याचा उपयोग सिगारेट सोडायला करतील. तसा तो झालाही थोडाफार. पण पुढं एका खटल्यात प्रश्न निघाला की चार महिने आधी दिलेला होकार हा खरा होकार म्हणायचा का, आणि तिथून कायदा आला. अवयवदान करणाऱ्या जिवंत माणसानं आधी समीपकावर बसायचं, सातव्या पायरीपर्यंत चढायचं आणि तिथून हो म्हणायचं. तोच होकार ग्राह्य. लग्नालाही खुर्ची सक्तीची करावी असं कुणीतरी सुचवलं होतं, पण हॉलवाल्यांनी आणि मुलींच्या आयांनी मिळून तो बेत हाणून पाडला. निवडणुकीतल्या आश्वासनांना हा कायदा लागू नाही, हे सांगायला नकोच.

किडनी द्यायला दहा माणसं आली तर सहा जण टिकत, चार जण उठत. उठणाऱ्यांची लाज राखायची सोय कायद्यानं केली होती. त्यांच्या दाखल्यावर ‘नकार’ असा शब्द येत नसे. ‘वैद्यकीयदृष्ट्या अनुरूप नाही’ एवढंच. बाहेर बाकावर बसलेले नातेवाईक दाखला वाचून सुस्कारा टाकत आणि नशिबाला बोल लावत. उठलेला माणूस त्यांच्याबरोबर मान खाली घालून निघून जाई. अभिनंदननं अशी हजारभर माणसं पाठमोरी बघितली होती.

या कामानं तो थकला होता. थकला म्हणजे कसा, तर लग्नाची पत्रिका हातात पडली की त्याला आधी खुर्च्यांचा हिशेब सुचायचा. कुणी ‘येत्या वर्षी शिखरजीच्या यात्रेला जाऊ’ म्हटलं की त्याला डोलीवाल्यांशी घासाघीस दिसायची आणि गुडघे दुखायला लागायचे. ‘कसं’ वाचून वाचून त्याच्या आयुष्यातलं ‘कशासाठी’ झिजून गेलं होतं.

आणि बायकोची दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाली होती.

सारिकाचं डायलिसिस याच रुग्णालयात, तळमजल्यावर चालायचं. आठवड्यातून तीन दिवस, चार-चार तास. अभिनंदन तिला सकाळी स्कूटरवरून आणायचा, वॉर्डच्या दाराशी सोडायचा आणि “ड्यूटीला उशीर होतोय,” म्हणून जिना चढायचा. दोन वर्षांत तो त्या दाराच्या आत गेला नव्हता. मूलबाळ नव्हतं. घरात दोघंच, त्यामुळं दोघांत किती अंतर पडलंय हे मोजायलाही तिसरं कुणी नव्हतं.

भाऊबीजेला सारिकाचा धाकटा भाऊ सन्मती तासगावहून आला. सन्मती चौगुले बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजमध्ये कामाला होता. दिवसभर पंधरा-पंधरा किलोंची खोकी उचलायची, सौद्याच्या दिवशी नमुने मांडायचे. अंगानं आडवा आणि मनानं मोकळा गडी. ओवाळून झालं, सारिकानं ताट पुढं केलं, आणि सन्मतीनं खिशात हात घालायच्या ऐवजी पोटावर ठेवला.

“अक्का, यंदा ओवाळणीत किडनी,” तो म्हणाला. “दोन हायत. एक तुझी.”

सगळं घर रडलं. सन्मतीची बायको स्मिता रडली, सारिका रडली, निरांजन विझेपर्यंत ताट तिच्या हातातच राहिलं. अभिनंदनही रडला, पण त्याच्या रडण्याला वेगळं कारण होतं आणि ते फक्त एका माणसाला ठाऊक होतं.

पहिला होकार अभिनंदननं दिला होता. दोन वर्षांपूर्वी. डॉक्टरांसमोर छातीवर हात ठेवून तो म्हणाला होता, “दोन्ही घ्या म्हटलं तरी देतो.” रक्त जुळलं, तपासण्या झाल्या आणि एका दुपारी तो स्वतःच्याच खुर्चीत बसला. पट्टी बांधली ती त्याच्या हाताखाली शिकलेल्या फरजाना मुजावरनं. तपशीलपत्र, म्हणजे ऑपरेशनचं सगळं ओळीओळीनं लिहिलेला तो कागद, त्याला पाठ होतं. हजारदा वाचलेला कागद काय करणार, अशा तोऱ्यात तो बसला होता. सातव्या पायरीवर फरजाना चौदावी ओळ वाचत होती. ‘सकाळी सहा वाजता परिचारिका पोटावरचे केस वस्तऱ्यानं काढेल.’ दुखण्याची ओळ पुढं होती, नळीची ओळ पुढं होती. पण वस्तऱ्याचं गार पातं बेंबीखाली टेकलं आणि अभिनंदन उठला. पट्टी त्यानं स्वतःच ओढून काढली. “नाही,” म्हणाला. फरजानानं खाली बघून दाखला भरला.

त्या संध्याकाळी सारिकानं दाखला वाचला आणि त्याचीच समजूत काढली. “तुमचा काय दोष? शरीराचं असतंय ते.” दोष देणाऱ्याला तोंड देता येतं. समजूत काढणाऱ्यासमोर काय करावं हे अभिनंदनला उमगलं नाही, आणि मग तो दारात सोडून जिना चढायला लागला.

*

सन्मतीच्या तपासण्या माघात पुऱ्या झाल्या. खुर्चीची तारीख आली. नात्यातल्या माणसाला बसवायचं असेल तर अभिनंदननं खोलीबाहेर थांबायचं, असा नियम होता. म्हणून त्या दिवशी काम फरजानाकडे होतं.

सकाळी खोली उघडताना ती म्हणाली, “सर, एक बोलू?”

“बोल की.”

“पट्टी दोन बोटं वर बांधली की ठोके भलतीकडंच पडतात. यंत्रावर सात दिसतं, माणूस तिसऱ्यावर असतो. नोंदीत काही येत नाही.” ती पट्टीची क्लिप उघडझाप करत होती. “मी आजवर केलं नाही कधी. पण वहिनींचे हात बघवत नाहीत हो मला. मी रोज खाली डबा खायला जाते तिथं.”

अभिनंदननं तिच्याकडे बघितलं नाही. खिडकीबाहेर पार्किंगमध्ये एक रिक्षावाला काच पुसत होता, त्याच्याकडे बघितलं. हो म्हणणं पाप होतं आणि नाही म्हणणं त्याला परवडणारं नव्हतं. दहातले चार उठतात. सन्मती पाचवा असेल याची खात्री कोण देणार?

“मी चहाला जातो,” तो म्हणाला.

फरजाना काय समजायचं ते समजली.

पाऊण तासानं सन्मती बाहेर आला तो हसतच. “दाजी, उगं भ्या घालताय लोकास्नी. काय बी न्हाई त्यात! सलूनमध्ये बसल्यागत वाटलं.” दाखल्यावर शिक्का होता. पौर्णिमेनंतरचा बुधवार ऑपरेशनला ठरला. सन्मतीनं खाली कँटीनमध्ये दोन प्लेट मिसळ खाल्ली आणि तासगावची एसटी पकडली.

त्यानंतरचे दहा दिवस सारिकाच्या अंगात वारं शिरलं होतं. दोन वर्षं न उघडलेल्या ट्रंकेतलं इरकल लुगडं तिनं काढून उन्हात घातलं. शेजारच्या काकूंना बोलावून सांगितलं, मंदिरात जाऊन सांगितलं, दूधवाल्यालासुद्धा सांगितलं. “माझा भाऊ देतोय,” म्हणताना तिचा आवाज चढायचा. अभिनंदन मान डोलवायचा. त्याला वाटायचं, काय वाईट झालं? एक माणूस थोडा फसला आणि एक माणूस जगला. जगात याहून मोठ्या फसवणुका याहून क्षुल्लक कारणांसाठी होतात. हा युक्तिवाद त्याला पटायचा, आणि तासाभरानं पुन्हा पटवून घ्यावा लागायचा.

अकराव्या दिवशी दुपारी स्मिताचा फोन आला. रविवार होता, अभिनंदन घरीच होता.

“दाजी, एक इचारायचं हुतं. ह्यास्नी इचारलं तर हसण्यावारी न्यायलेत.” स्मिताचा आवाज दबका होता. “हे मालकास्नी सांगून आलेत, बुधवारी जातो आन पुढच्या सोमवारी कामावर येतो. सीझन हाय न्हवं. खोक्यांची थप्पी सोमवारपासनं लागणार. म्हटलं, इतक्या लवकर वजन उचललं तर चालतंय न्हवं?”

“सोमवारी?” अभिनंदन म्हणाला.

“व्हय. म्हणालेत, दाढ काढल्यागतच असतंय, एक दीस दुखतंय.”

तपशीलपत्रातली एकतिसावी ओळ अभिनंदनच्या ओठांवर आली. ‘दोन महिने पाच किलोंहून जास्त वजन उचलता येणार नाही.’ ती ओळ सन्मतीला वाचून दाखवली होती. त्यानं ती ऐकलीही असणार, जशी आपण दुसऱ्याच्या गावातल्या पुराची बातमी ऐकतो.

“स्मिता, मी संध्याकाळी कळवतो,” म्हणून त्यानं फोन ठेवला.

सारिका पलंगावर बसून रुग्णालयात न्यायच्या पिशवीत कपड्यांच्या घड्या भरत होती. “काय म्हणत होती?”

“सोमवारी कामावर जाणार म्हणतोय सन्मती.”

“कुठल्या सोमवारी?” ती हसली. “येडं हाय ते. सांगितलं असंल की तुमच्या खुर्चीत सगळं.”

आता गप्प बसलं असतं तर निभावून गेलं असतं. सन्मतीला फोनवर दोन शब्द सुनावता आले असते, मालकाकडून रजा घेता आली असती. अभिनंदनच्या मनात हे सगळं येऊन गेलं. पण दोन वर्षं तो जो भार उचलत होता तो त्या क्षणी त्याच्यानं आणखी उचलवेना. त्यात शौर्य नव्हतं, निव्वळ दमणूक होती.

“सारिका, त्याला नीट बसवलेलं नाही,” तो म्हणाला. “पट्टी वर बांधली होती. मला ठाऊक होतं. तो सातव्यावर चढलाच नाही.”

तिचे हात थांबले. “म्हणजे?”

“म्हणजे तो लांबूनच हो म्हणालाय. भाऊबीजेला म्हणाला तसाच.”

“आन तुम्ही हे का केलंत?”

“तो उठेल म्हणून.”

“माझा भाऊ?” ती एकदम ताठ झाली. “तो उठणार न्हाई. त्याला काय तुमच्यासारखं...” आणि ती थांबली. तिच्या मनात वाईट काही नव्हतं. तुमच्यासारखं पुस्तकी, असंच काहीतरी म्हणणार होती. पण नवऱ्याचा चेहरा तिनं बघितला, आणि अठरा वर्षांच्या संसारात बायकोला चेहरा वाचायला यंत्र लागत नाही.

“तुमच्या दाखल्यावर काय लिहिलेलं?” तिनं विचारलं. “अनुरूप न्हाई, असंच न्हवं?”

“हो.”

“म्हणजे काय जुळलं नव्हतं?”

“सगळं जुळलं होतं,” अभिनंदन म्हणाला. “मी उठलो.”

स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली. सारिका उठली, गॅस बंद करून आली आणि पुन्हा त्याच जागी बसली.

“कशाला उठलात?”

त्यानं सांगितलं. वस्तरा, सहा वाजता, चौदावी ओळ. सांगताना ते इतकं फालतू वाटत होतं की काहीतरी मोठं कारण जोडावं असा मोहही त्याला झाला. पण दुसरं कारणच नव्हतं.

“रोज दाढी करता की हो,” सारिका म्हणाली. तिला हसू आलं आणि त्याच हसण्यातून तिला रडू फुटलं. ती रडली ती मात्र फार वेळ नाही. पदरानं डोळे पुसले आणि आवाज खाली आणून बोलायला लागली.

“तुमच्या त्या कागदात माझ्याबद्दल काय लिहिलेलं असतंय?”

“काही नाही. घेणाऱ्याचं काही वाचायचं नाही असा नियम आहे. देणाऱ्यावर दडपण येतं.”

“बरं हाय. मग मी सांगते. तुम्ही आत कधी आलाच न्हाईत, म्हणून.” तिनं डावा हात पुढं केला. कोपराखाली शीर दोरखंडासारखी फुगली होती. “हितं हात ठेवा. घाबरू नका, चावत न्हाई.”

त्यानं ठेवला. कातडीखाली काहीतरी सारखं घुरघुरत होतं.

“हे रातंदिस चालतंय. कुशीवर झोपलं की कानात वाजतंय. दोन सुया असतात, उसाच्या पेराएवढ्या जाड वाटतात मला. पहिली टोचताना मी भिंतीवरचं घड्याळ बघते, कारण नर्सकडं बघितलं की तिचा हात थरथरतो. पाणी दिवसाला अर्धा लिटर. त्यात चहा आला, आमटी आली, गोळ्यांचं आलं. मग उन्हाळ्यात मी काय करते ठाऊक हाय? बर्फाचा खडा गालात धरते आन तुम्ही आंघोळीला गेलात की नळ सोडलेला आवाज ऐकत बसते. तुम्ही दहा मिनिटं नळ सोडता. एक दीस मी दाराला कान लावून उभी हुते.”

दोन वर्षं अभिनंदनच्या मनात ‘सारिकाचं आजारपण’ नावाची एक गोष्ट होती. मोठी, दुःखाची आणि दूरची. बायकोनं स्वतःच्याच घरात न्हाणीच्या दाराला कान लावलाय, हे त्या गोष्टीत कुठंच नव्हतं. रोज दुसऱ्यांना जवळचं वाचून दाखवणाऱ्यानं स्वतःच्या घरातलं तेवढं लांब ठेवलं होतं.

“मला माफ कर,” तो म्हणाला.

“ते बघू,” सारिका म्हणाली. “आधी सन्मतीला फोन लावा.”

“आणि काय सांगू?”

“बुधवारी येऊ नको म्हणावं. यंत्र बिघडलं हुतं, म्हणावं. खोटं बोलायची सवय हाय तुम्हाला.” ती पिशवीतले कपडे बाहेर काढायला लागली होती. “त्याला पोरं हायत. त्यानं न बघता दिलेलं मी घेणार न्हाई. घेतलं आन त्याला काय झालं, तर ती किडनी माझ्या पोटात राहंल, पर मी कुठं राहू?”

“मग तुझं काय?”

“चाललंय तसं चालंल. डॉक्टर म्हणालेत वर्ष, दोन वर्षं.” तिनं इरकलची घडी नीट केली. “तुम्हाला मी काय म्हणणार न्हाई. मागच्या वेळी पन मी मागितली नव्हती.”

अभिनंदननं सन्मतीला फोन लावला. यंत्र बिघडलं होतं असं मात्र तो म्हणाला नाही. पट्टी कशी बांधली होती ते सांगितलं आणि मग एकतिसावी ओळ, बाविसावी ओळ, चौदावी ओळ, जशी आठवेल तशी सांगत गेला.

“दाजी, आता काय बोलायचं?” पलीकडून सन्मती म्हणाला. “मला जरा इचार करू द्या.” त्याच्या आवाजातली ती मिसळ खाल्लेली मजा पार गेली होती. “अक्काला सांगू नका मी असं म्हणालो.”

“ती शेजारीच आहे,” अभिनंदन म्हणाला. “आणि ती म्हणते, विचार करायचं कारण नाही.”

*

सोमवारी सकाळी फरजाना नऊ नंबरच्या खोलीत आली तेव्हा अभिनंदन खुर्चीशेजारच्या स्टुलावर नव्हता, खुर्चीत बसला होता.

“उठलेल्याला वर्षानंतर पुन्हा बसता येतं. नियमात बसतं,” तो म्हणाला. “आणि सन्मतीचा दाखला रद्द करायचा आहे. कारण मी लिहून दिलंय. पट्टीची जबाबदारी माझी, तुझं नाव त्यात नाही.”

फरजानाच्या डोळ्यांत पाणी आलं. “सर, वहिनींना...?”

“बाहेर बाकावर बसलीये. सगळं सांगितलंय.”

ती पट्टी घेऊन मागं उभी राहिली. अगदी हळू म्हणाली, “कशी बांधू?”

“जिथं बांधायची तिथं.”

लग्नाचं उदाहरण तिनं दिलं नाही. पहिली पायरी, दुसरी, तिसरी. कानामागं टकटक सुरू झाली. चौथीला भिंतीवरचं कॅलेंडर अर्थहीन झालं. पाचवीला चार आठवड्यांनंतरचा त्याच्या ऑपरेशनचा दिवस दारात येऊन उभा राहिला. सहावीला आत आला. सातवीला दुसरं काही उरलंच नाही. स्पिरिटचा वास आला, पाठीला रबरी चादर चिकटली, आणि फरजानाच्या आवाजात परिचारिका वाकून म्हणाली, ‘सकाळी सहा वाजता...’

पातं तेवढंच गार होतं. अभिनंदनला वाटलं होतं की या खेपेला आपण धीट झालेलो असू. तसं काही झालं नव्हतं. पोट आत ओढलं गेलं, हात पट्टीकडं निघाला. पण या खेपेला त्या खोलीत तो एकटा नव्हता. पलीकडे न्हाणीचा नळ सोडलेला होता आणि दाराला कान लावून सारिका उभी होती. तीही आत्ताच होती, तेवढीच जवळ. वस्तऱ्यापासून पळायचं तर त्याच दारातून पळावं लागणार होतं, आणि तिला बाजूला सर म्हणायची त्याची छाती झाली नाही. हात त्यानं खुर्चीच्या दांडीला आवळून धरला.

फरजाना वाचत राहिली. नळीची ओळ आली, टाक्यांची आली, पहिल्यांदा खोकताना पोट कसं धरायचं ती आली. तो घामानं भिजला. मधे एकदा त्यानं दांडी सोडली. तिनं थांबून विचारलं, “बंद करू?” त्यानं मान हलवून नाही म्हटलं. पत्र संपलं तेव्हा तिनं नियमाप्रमाणं त्याचं पूर्ण नाव घेऊन प्रश्न विचारला.

“हो,” अभिनंदन म्हणाला. आवाज फाटका निघाला, म्हणून पुन्हा म्हणाला, “हो. लिही.”

तो बाहेर आला. बाकावर सारिका पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. आज तिचं डायलिसिस होतं, तळमजल्यावर जायची वेळ झाली होती. तिनं दाखल्याकडे हात केला नाही. त्याच्या तोंडाकडे बघितलं.

“काय म्हणालात?”

“हो म्हणालो.”

“भीती वाटली?”

“लई.”

“आता?”

“अजून वाटतेय.”

माफी दिली असं काही तिच्या चेहऱ्यावर नव्हतं. ती कदाचित ऑपरेशननंतर मिळणार होती, कदाचित कधीच नाही. सारिका उठली, पदर सारखा केला आणि पिशवी त्याच्या हातात दिली.

“चला मग खाली,” ती म्हणाली. “आज आत येऊन बसा. चार तास लागतात.”